गाडी वाढते कुठे? जिथे कुणी मोजत नाही तिथे

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाचा पूर्ण मजकूर. बोलताना जे ‘म्हणजे, म्हणजे’ झालं होतं ते थोडं कमी केलंय. बाकी जसंच्या तसं.)

 

आज एका प्रश्नाने सुरुवात करू. मनातल्या मनात उत्तर द्या, गूगल करायचं नाही. जुनी ॲम्बॅसेडर आणि आत्ताची स्विफ्ट. यातली जास्त रुंद गाडी कुठली?

दहातले नऊ जण म्हणणार, ॲम्बॅसेडर. मंत्र्यांची गाडी, लाल दिवा, मागच्या सीटवर चार माणसं दाटीवाटीने बसायची. ती मोठी असणारच! पण आकडे बघा. ॲम्बॅसेडर लांबीला साधारण ४.३ मीटर होती आणि रुंदीला १.६६ मीटर. आत्ताची स्विफ्ट लांबीला ३.८६ मीटर आहे आणि रुंदीला १.७३५ मीटर. म्हणजे आज ज्या गाडीला आपण ‘छोटी गाडी’ म्हणतो, ती ॲम्बॅसेडरपेक्षा सात-साडेसात सेंटिमीटर जास्त रुंद आहे. आणि प्रीमियर पद्मिनी, मुंबईची ती काळी-पिवळी, ती तर दीड मीटरपेक्षाही कमी रुंद होती.

आजचा विषय हाच. गाड्या गेल्या काही दशकांत मोठ्या झाल्या हे आपल्या सगळ्यांना दिसतं. पण त्या का मोठ्या झाल्या, कुठल्या बाजूने झाल्या आणि त्याचं बिल कोण भरतंय, हे तीन प्रश्न आज बघायचे आहेत. मी गाड्यांचा रिव्ह्यू करणारा माणूस नाही. मी कोड लिहितो. त्यामुळे आकडे बघतो, नियम बघतो आणि नियमातून लोक कशी पळवाट काढतात ते बघतो. आणि या विषयात ते सगळं भरपूर आहे.

आधी थोडा इतिहास

साल १९५६. सुएझ कालव्याचं संकट आलं आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या कंपनीने ॲलेक इसिगोनिस नावाच्या इंजिनियरला काम दिलं: कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी बनव, पण चार मोठी माणसं त्यात नीट बसली पाहिजेत. १९५९ मध्ये ती गाडी आली. मिनी. लांबी ३.०५ मीटर, रुंदी साधारण १.४ मीटर. इसिगोनिसने इंजिन आडवं बसवलं, पुढची चाकं फिरवली आणि चाकं ठेवली फक्त १० इंचांची. इतक्याशा गाडीतली बहुतेक सगळी जागा त्याने माणसांना आणि सामानाला दिली. आज आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक हॅचबॅकमध्ये इंजिन आडवंच असतं. ही पद्धत जगभर रुळवली ती मिनीने.

आता पुढे या. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने नवी मिनी काढली, ती ३.६३ मीटरची. २०१४ ची त्याहून मोठी, ३.८२ मीटरची. आणि आज मिनीचीच कंट्रीमन नावाची जी गाडी मिळते, ती ४.४३ मीटर लांब आणि १.८४ मीटर रुंद आहे. ॲम्बॅसेडरपेक्षा मोठी. नाव काय? मिनी! (हसतो) आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये पण असं होतं. एखाद्या ॲपच्या नावात ‘लाइट’ असतं आणि पाच वर्षांनी ते निम्मा फोन खाऊन बसलेलं असतं.

दुसरं उदाहरण फोक्सवॅगन गोल्फचं. १९७४ ची पहिली गोल्फ लांबीला ३.७ मीटर, रुंदीला १.६१ मीटर. आजची आठव्या पिढीची गोल्फ ४.२८ मीटर आणि १.७९ मीटर. बरं, गोल्फची धाकटी बहीण म्हणजे पोलो. २०१७ मध्ये आलेली पोलो ४.०५ मीटर लांब आहे. म्हणजे धाकटी बहीण आज थोरल्या बहिणीच्या पहिल्या अवतारापेक्षा मोठी झाली. आपल्या चाकणला जी पोलो बनायची, ती त्याच्या आधीची पिढी, ४ मीटरच्या आत बसणारी. ही नवी पोलो आपल्याकडे आलीच नाही. चार मीटर हा आकडा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता आपल्या घरची गोष्ट. मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. त्यानंतर १९८६ पासून जी ८०० आपण सगळ्यांनी पाहिली, तिची लांबी ३.३३५ मीटर, रुंदी १.४४ मीटर, वजन साधारण ६५० किलो. आता तिच्या शेजारी आजची एक लोकप्रिय गाडी उभी करा. टाटा नेक्सॉन. लांबी ३.९९५ मीटर, रुंदी १.८०४ मीटर, वजन १२०० किलोच्या पुढे.

गुणाकार करू. ८०० जमिनीवर ४.८ चौरस मीटर जागा घेते. नेक्सॉन घेते ७.२ चौरस मीटर. बरोब्बर दीडपट जागा, जवळजवळ दुप्पट वजन. आणि माणसं किती बसतात? तेव्हा कागदावर चार, आता कागदावर पाच. प्रत्यक्षात तेव्हा सहा बसायचे, आता बहुतेक वेळा एक. तो एक म्हणजे ऑफिसला निघालेला आमच्यासारखा कुणीतरी.

का वाढल्या? पहिलं कारण खरं आणि चांगलं आहे

इथे लगेच ‘लोकांना शायनिंग मारायची असते’ असं म्हणून विषय संपवता येतो. पण तसं नाहीये. पहिलं कारण आहे सुरक्षितता आणि ते अगदी खरं आहे.

जुन्या गाडीत धडक झाली की इंजिन आणि तुमचे गुडघे यांच्यामध्ये फारसं काही नसायचं. आता गाडीच्या पुढच्या भागात मुद्दाम चुरगळणारी जागा ठेवतात. धडकेची ऊर्जा तिथे खर्च होते आणि तुमच्यापर्यंत कमी पोचते. मग दारात लोखंडी बीम आले, खांब जाड झाले, एअरबॅग आल्या. चुरगळायला जागा लागते. बीम बसवायला दार जाड व्हावं लागतं. दार दोन्ही बाजूंनी जाड झालं की आतली रुंदी तीच ठेवायला गाडी बाहेरून रुंद होते. साधं गणित.

आपल्याकडे हे उशिरा आलं. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलची चाचणी घेतली आणि पाचही गाड्यांना शून्य स्टार मिळाले. शून्य! ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि २०१९ पासून सगळ्याच गाड्यांना धडक चाचणीचे नियम लागू झाले. २०२३ मध्ये आपलं स्वतःचं भारत एनकॅप सुरू झालं. हे सगळं चांगलंच झालं. कुणी मला म्हटलं की चल, परत ८०० च्या जमान्यात जाऊ, तर मी जाणार नाही.

पण एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. सुरक्षित गाडी म्हणजे मोठी गाडी, असं नाही. टाटा पंच लांबीला फक्त ३.८३ मीटर आहे आणि २०२१ मध्ये तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले. स्टार सांगाड्याला मिळतात, एअरबॅगना मिळतात. बोनेट किती उंच आहे त्याला मिळत नाहीत.

दुसरं कारण, एकातून एक वाढणारं वजन. गाडी जड झाली की ब्रेक मोठे लागतात. मोठे ब्रेक मावायला मोठी चाकं लागतात. ८०० ला १२ इंचांची चाकं होती, नेक्सॉनला १६ इंचांची आहेत. मोठ्या चाकांना मोठी कमान लागते, जड गाडीला मोठं इंजिन लागतं, मोठ्या इंजिनाला मोठी जागा लागते. आणि या सगळ्याचं वजन परत गाडीतच वाढतं. एक फीचर टाकलं की त्याला सांभाळायला अजून तीन टाकावी लागतात, तसंच. इलेक्ट्रिक गाडीत तर फरशीखाली बॅटरीचं भलंमोठं ओझं. त्यामुळे फरशी वर येते, सीट वर जातात, छत वर जातं.

तिसरं कारण, मॉडेलची शिडी. कंपनी नव्या पिढीची गाडी काढते तेव्हा जुनीपेक्षा थोडी छोटी काढली असं कधी ऐकलंय? जाहिरातीत काय असतं? ‘आता पूर्वीपेक्षा ऐसपैस’. मग प्रत्येक पिढीत पाच-सात सेंटिमीटर वाढतात. २००५ ची स्विफ्ट ३.६९५ मीटर लांब आणि १.६९ मीटर रुंद होती. आत्ताची मी मघाशी सांगितली. नाव तेच, गाडी हळूच वरच्या पायरीवर गेली. मग खाली जागा रिकामी होते, तिथे नवं छोटं मॉडेल येतं आणि तेही वाढायला लागतं.

चौथं कारण: नियम

आता माझा आवडता भाग. २००६ चा अर्थसंकल्प. तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. पण छोटी गाडी म्हणजे काय? व्याख्या लिहावी लागली. लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपेक्षा आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं नको.

झालं! चार मीटरची रेघ पडली. आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं भारतातल्या गाड्या या रेघेला नाक लावून उभ्या आहेत.

पहिली डिझायर ४.१६ मीटरची होती. २०१२ मध्ये तिची डिकी छाटून ती ३.९९५ मीटरची केली. गावोगाव चालणारी बोलेरो ४.१ मीटरची होती, २०१६ मध्ये तिचं ३.९९५ मीटरचं रूप आलं. ब्रेझा ३.९९५. वेन्यू ३.९९५. नेक्सॉन आधी ३.९९४, मग ३.९९५. हे वाचताना परीक्षेत सगळ्यांनी एकाच्याच पेपरवरून कॉपी केल्यासारखं वाटतं! पुढे २०१७ मध्ये जीएसटी आला, त्यातही तीच रेघ. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के. रेघ तीच.

तुम्ही म्हणाल, मग छानच की! नियमाने गाड्या छोट्या ठेवल्या.

अंहं. नियमाने *लांबी* छोटी ठेवली. रुंदीबद्दल त्यात एक अक्षर नाही. उंचीबद्दल नाही, वजनाबद्दल नाही. मग गाडी कुठून वाढणार? जिथे कुणी टेप धरून उभं नाही तिथून. २०१९ ची वेन्यू ३.९९५ मीटर लांब होती, रुंदी १.७७ मीटर. २०२५ च्या अखेरीस नवी वेन्यू आली. लांबी? ३.९९५. एक मिलिमीटर हललेली नाही. रुंदी मात्र १.८० मीटर झाली आणि उंची ४८ मिलिमीटरने वाढली.

फुग्यासारखं आहे हे. एका बाजूने दाबलात की दुसऱ्या बाजूने फुगतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जपानमध्ये ‘केई’ नावाचा गाड्यांचा वर्ग आहे. तिथला नियम लांबी, रुंदी, उंची सगळं मोजतो: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसीपर्यंत. आपली ८०० ज्या गाडीवरून आली, ती याच वर्गाच्या घराण्यातली. आता लांबी-रुंदी घट्ट बांधलेली आणि उंचीला २ मीटरपर्यंत सूट. मग काय झालं? गाड्या उभ्या वाढल्या. १९९३ मध्ये सुझुकीने तिथे वॅगनआर काढली, उंच डब्यासारखी. तीच पुढे आपल्याकडे आली. आज जपानमध्ये सगळ्यात जास्त खपणाऱ्या गाड्यांपैकी एक म्हणजे होंडाची एन-बॉक्स. लांबी-रुंदी मर्यादेच्या आत पाच-पाच मिलिमीटर आणि उंची १.७९ मीटर! पण फरक बघा. तिथे रुंदीवरही रेघ असल्याने १९९८ पासून आजपर्यंत या गाड्या १.४८ मीटरच्या पुढे गेलेल्या नाहीत. आणि जपानमधल्या नव्या गाड्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त याच वर्गातल्या आहेत. म्हणजे लोकांना छोटी गाडी नकोच असते, हे काही खरं नाही.

याच्या अगदी उलट अमेरिका. तिथे पेट्रोल किती जाळायचं याचं उद्दिष्ट गाडीच्या ‘पाऊलखुणे’वर ठरतं, म्हणजे चार चाकांच्या मधल्या चौकोनाच्या क्षेत्रफळावर. चौकोन मोठा, तर उद्दिष्ट सैल. त्यातही पिकअप आणि एसयूव्ही ‘ट्रक’मध्ये मोजल्या गेल्या तर अजून सैल. मग कंपन्यांनी काय करावं? २०१८ मध्ये फोर्डने जाहीरच केलं की उत्तर अमेरिकेत सेडान बनवणं बंद करणार. आज तिथे नव्या विक्रीत बहुतेक गाड्या त्या ‘ट्रक’ वर्गातल्या असतात. आपल्याकडचा असाच नियम वजनाशी बांधलेला आहे: कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त असेल तर उद्दिष्ट थोडं सैल मिळतं. म्हणजे एक नियम म्हणतो छोटी बनव आणि दुसरा म्हणतो, जड बनवलीस तरी चालेल.

पाचवं कारण: शेजारच्याची गाडी

आता जरा बारावीचं फिजिक्स काढू, घाबरू नका.

दोन गाड्या समोरासमोर येतायत, दोघींचा वेग ताशी ५० किलोमीटर. एक ६५० किलोची, दुसरी १३०० किलोची. धडकून दोन्ही एकमेकींत अडकल्या असं धरू. संवेग अक्षय्यतेचा नियम लावा. जड गाडी साधारण १७ च्या वेगाने पुढेच जात राहते आणि हलकीला मागे ढकलत नेते. म्हणजे जड गाडीतल्या माणसाचा वेग बदलला ३३ ने. हलक्या गाडीतल्या माणसाचा बदलला ६७ ने. तोच अपघात, पण एकाला दुप्पट हिसका.

मग हलक्या गाडीवाला काय शिकतो? पुढच्या वेळी जड गाडी घ्यायची. बरोबर आहे त्याचं! त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. घरात लहान मूल आहे, हायवेवर समोरून डंपर येतात, का नाही म्हणणार?

पण आता दोघांकडे १३०० किलोच्या गाड्या झाल्या. परत धडक. दोघांचाही वेग ५० ने बदलतो. आणि दोघांकडे ६५० किलोच्या असत्या तर? तरीही ५० च. म्हणजे दोघांनी जास्त पैसे घातले, जास्त पेट्रोल जाळलं, जास्त जागा अडवली आणि वजनामुळे मिळणारा फायदा झाला शून्य. चांगल्या सांगाड्याचा फायदा होतो, तो वेगळा. निव्वळ वजनाचा फायदा फक्त तोपर्यंत, जोपर्यंत समोरचा हलका आहे. लग्नात सगळे बसलेले असताना एक जण स्टेज नीट दिसावं म्हणून उभा राहतो, तसं आहे हे. मग मागचा उभा राहतो, त्याच्या मागचा उभा राहतो. शेवटी सगळे उभे. आणि दिसतं तेवढंच.

फक्त एक फरक आहे. रस्त्याच्या या मांडवात काही जण असे आहेत, ज्यांना उभं राहताच येत नाही.

बिल कोण भरतं?

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे दर १०० मृत्यूंपैकी ६४ जण असे, ज्यांच्या भोवती पत्राच नव्हता. ना एअरबॅग, ना बीम, ना स्टार.

तुम्ही गाडी घेताना बघता ते पाच स्टार प्रामुख्याने *आतल्या* माणसांसाठी असतात. बाहेरच्यांसाठी गाडी कशी आहे, हे शोरूममध्ये कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक संशोधन संस्था आहे, आयआयएचएस. २०२३ मध्ये त्यांनी पादचाऱ्यांच्या जवळपास १८ हजार अपघातांचा अभ्यास केला. ज्या गाड्यांचं बोनेट जमिनीपासून ४० इंचांपेक्षा, म्हणजे साधारण एक मीटरपेक्षा उंच होतं, त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. कारण समजायला सोपं आहे. खालचं बोनेट पायाला लागतं आणि माणूस बोनेटवर पडतो. उंच, उभं बोनेट छातीला किंवा डोक्याला लागतं आणि माणूस गाडीच्या पुढे खाली पडतो. लहान मुलाची उंची आठवा. आणि त्या उंच बोनेटच्या अगदी पुढे उभं असलेलं मूल ड्रायव्हरला दिसतं का, तेही आठवा.

मी ऑफिसला स्कूटरने जातो. सिग्नलला शेजारी गाडी येऊन थांबते तेव्हा पूर्वी मला तिचं छत दिसायचं, आता तिचा आरसा माझ्या तोंडासमोर असतो. तक्रार नाही करत, मोजमाप सांगतोय.

आता जागेचं बघू. सोसायटीत पार्किंगचा एक खण २.३ मीटर रुंद धरू. त्यात ८०० लावली तर दोन्ही बाजूंना ४३-४३ सेंटिमीटर उरायचे. माणूस आरामात उतरायचा. नेक्सॉनएवढी गाडी लावा, उरतात २५-२५ सेंटिमीटर. आणि दार तर आता जाड झालंय! म्हणून तर लोक एका बाजूला चिकटवून लावतात आणि मग शेजारचा व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतो. तुम्हाला माहितीये पुढे काय होतं.

हे तरी भांडण आहे, मिटेल. पण ६ मीटर रुंदीची गल्ली घ्या. पुण्यातल्या पेठा, ठाण्या-डोंबिवलीतले जुने रस्ते, कोल्हापुरातल्या गल्ल्या. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या. जुन्या गाड्या असत्या तर मधे ३.१ मीटर उरले असते. आता १.८ मीटरच्या दोन गाड्या लावा, मधे उरतात २.४ मीटर. तेही आरसे मिटलेले असतील तर. अग्निशमन दलाचा मोठा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो.

परत सांगतो. गल्ली तीच, गाड्यांची संख्या तीच, दोन्ही बाजूंचं पार्किंग तेच. फक्त प्रत्येक गाडी ३६ सेंटिमीटर रुंद झाली आणि बंब आत जाईनासा झाला. हे कुणा एकाने केलेलं नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या घरासाठी चांगली गाडी घेतली.

आणि या गाड्या आता अपवाद राहिलेल्या नाहीत. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या ६५ टक्के युटिलिटी गाड्या, म्हणजे एसयूव्ही आणि सात सीटरवाल्या.

मग करायचं काय?

काही शहरांनी टेप हातात घेतलीय. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान झालं. प्रश्न होता, बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना पार्किंगचा दर तिप्पट करायचा का? ५४.५ टक्के मतं ‘हो’ला पडली. मतदानाला आले फक्त सहा टक्क्यांच्या आसपास लोक, हेही खरं. पण ऑक्टोबर २०२४ पासून मध्य पॅरिसमध्ये १.६ टनांच्या वरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला तासाला १८ युरो लागतात. इलेक्ट्रिक असेल तर मर्यादा २ टन. फ्रान्समध्ये नवी गाडी घेतानाही ठरावीक वजनाच्या वर प्रत्येक किलोमागे कर लागतो. म्हणजे त्यांनी रेघ वजनावर मारली. लगेच सगळं सुधारेल असं नाही, पण निदान ज्या गोष्टीचा त्रास होतो तीच मोजली.

आपल्याकडे २००६ ची रेघ लांबीवर मारली गेली, कारण लांबी मोजायला सोपी. आता वीस वर्षं होत आली. त्या व्याख्येत रुंदीचा एक आकडा आणि वजनाचा एक आकडा टाकायला काय हरकत आहे? भारत एनकॅपच्या स्टारमध्ये बाहेरच्या माणसाच्या सुरक्षेला मोठा वाटा द्यायला काय हरकत आहे? महापालिकांनी पे-अँड-पार्कचा दर गाडीने अडवलेल्या जागेवर ठरवायला काय हरकत आहे? माझ्या मते काहीच नाही. उद्या सकाळी होणार नाही, हेही माहितीये.

पण उद्या सकाळी तुम्ही काय करू शकता, ते सांगतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची पहिली गाडी पुढच्या दोन-चार वर्षांत येणार आहे, किंवा घरच्या गाडीचा निर्णय तुमच्या यूट्यूब-ज्ञानावर ठरणार आहे.

एक, बुकिंगच्या आधी टेप घेऊन खाली जा. पार्किंगचा खण मोजा. ब्रोशरमधली रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना हाताची वीत धरा. मेकॅनिकल पार्किंग असेल तर त्याच्या पाटीवर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. गाडी घरी आल्यावर वाचू नका.

दोन, वर्षातले ३६५ दिवस मोजा. लोणावळा, कोकण, गावाकडची जत्रा असे किती दिवस होतात? वीस? पंचवीस? बाकीचे ३४० दिवस गाडीत किती जण असणार? गाडी त्या ३४० दिवसांसाठी घ्या. वीस दिवसांसाठी भाड्याने मिळते.

तीन, स्टार बघा, जरूर बघा. पण स्टार आणि आकार वेगवेगळे बघा. चांगल्या स्टारची छोटी गाडी मिळत असेल तर ‘रोडवर वट पाहिजे’ या एका वाक्यासाठी अर्धा टन लोखंड वाढवू नका.

चार, मोठी गाडी खरंच लागत असेल, घरात सात माणसं आहेत, आजी-आजोबांना खाली वाकून बसता येत नाही, तर बिनधास्त घ्या. कुणाला अपराधी वाटावं म्हणून हा भाग केलेला नाही. फक्त गल्लीत लावताना एवढं बघा, की मधून बंब जाईल का.

आजच्या भागापुरतं इतकंच. जमलं तर आज घरी गेल्यावर तुमच्या गल्लीत दोन गाड्यांच्या मधली मोकळी जागा मोजा आणि आकडा कमेंटमध्ये टाका, गावाच्या किंवा भागाच्या नावासकट. पुरेसे आकडे आले तर पुढच्या एखाद्या भागात त्यावरच बोलू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत मजेत राहा आणि सिग्नलला स्कूटरवाल्याला थोडी जागा द्या!